दोन कानांचा बहुरूपी

संपादकांचे यंदाचे पत्र नेहमीप्रमाणे मोघम होते. "एखादी कलाकृती घ्या आणि तिच्याविषयी मोकळेपणाने लिहा," एवढेच. मी दोन कादंबऱ्या आणि एक कवितासंग्रह टेबलावर काढून ठेवले होते. ते तिन्ही तसेच राहिले. गेले दोन महिने मी जे न्याहाळीत बसलो आहे ते पुस्तक नाही, नाटक नाही, चित्रही नाही. हिरव्या-पांढऱ्या रंगाचा, डोक्यावर दोन कान उभारलेला, लहान मुलांसाठी केलेला एक स्वस्त लॅपटॉप माझ्यासमोर आहे, आणि त्याच्या पडद्यावर चाळीस वर्षांहून जुन्या अशा एका इंग्रजी संगणकाचे सोंग चालले आहे. टीकाकाराने आपले शेत सोडून भलत्या बांधावर जाऊ नये हे मला मान्य आहे. पण सोंग ही जर कला असेल, आणि दशावतारापासून तमाशातल्या मावशीपर्यंत आपण ती कला मानीत आलो आहोत, तर या सोंगाची परीक्षा करण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे मी समजतो.

आधी सोंग घेणाऱ्याची ओळख करून देतो. या लॅपटॉपचे नाव एक्स-ओ. निकोलस निग्रोपाँटी या अमेरिकन प्राध्यापकाने जानेवारी २००५ मध्ये दाव्होस येथे जाहीर केले की, जगातल्या गरीब मुलांसाठी आपण शंभर डॉलरांत लॅपटॉप देऊ. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युनिस येथे त्याचा नमुना दाखविला गेला. त्याला वीज नसलेल्या गावासाठी पिवळा हातदांडा होता. प्रत्यक्ष यंत्र २००७ च्या अखेरीस कारखान्यातून बाहेर पडू लागले तेव्हा हातदांडा गळाला होता आणि किंमत शंभराच्या बरीच पुढे, जवळजवळ दुपटीला गेली होती. तरीही यंत्र मात्र मोठ्या विचाराने घडविलेले होते. रबराचा अखंड कळफलक, त्यामुळे धूळ-पाणी आत जात नाही. कान दिसतात त्या बिनतारी संदेशाच्या दांड्या, मिटल्या की बाजूची भोके झाकतात. पडदा साडेसात इंचांचा, पण असा की उन्हात नेला तर फिका न पडता छापील पानासारखा स्वच्छ वाचता येतो. आतला मेंदू मात्र बेताचा. सेकंदाला ४३.३ कोटी ठोके देणारा गणक आणि २५६ मेगाबाइट स्मृती. आजच्या भाषेत सांगायचे तर आपल्या खिशातला कोणताही फोन त्याला लाजवील.

माझ्याकडे तो आला तो एका स्नेह्याच्या घरातून. २००७ च्या हिवाळ्यात अमेरिकेत अशी योजना होती की ३९९ डॉलर द्यावेत, म्हणजे एक यंत्र परदेशातल्या मुलाला जाईल आणि दुसरे आपल्या घरी येईल. स्नेह्याच्या भावाने त्या वेळी घेतलेले हे दुसरे यंत्र पुढे त्याच्या सामानातून मुंबईला आले, माळ्यावर गेले आणि गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत खाली आले. त्याचे घड्याळ बंद पडले होते, बॅटरी अर्ध्या तासापलीकडे तग धरीत नव्हती. "तुला जुन्या वस्तूंचा शोक आहे, घेऊन जा," असे म्हणून त्याने ते माझ्या पिशवीत टाकले.

आता सोंगाविषयी. आमच्या लहानपणी सुगीच्या दिवसांत आळीत बहुरूपी येई. खाकी कपडे, हातात दंडुका, तोंडाने वॉरंटाची भाषा. क्षणभर घरातली बायकामाणसे खरोखर बिचकत, मग हसत, मग सुपातून धान्य येई. आत माणूस तोच, बोलण्याचा ढंग मात्र हवालदाराचा. एम्युलेटर नावाचा जो प्रकार आहे तो नेमका हेच करतो. जुन्या यंत्राच्या मेंदूला जी आज्ञा समजत असे ती नवे यंत्र एकेक करून वाचते आणि 'हे ऐकून तो काय करील?' असे स्वतःला विचारून तसेच वागते. जुन्या यंत्रासाठी लिहिलेल्या आज्ञावलीला आपण फसविले जात आहोत याचा पत्ताही लागत नाही. ती आपली जुन्या घरात असल्यासारखी वावरते.

आपल्याकडे म्हण आहे की सगळ्यांची सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. या कलेपुरती तीत दुरुस्ती करावी लागेल. येथे वेगाचे सोंग आणता येत नाही. मी ज्या यंत्राचे सोंग पाहत होतो त्या बीबीसी मायक्रोचा मेंदू सेकंदाला २० लाख ठोके देत असे. म्हणजे त्याच्या एका ठोक्यामागे एक्स-ओला सुमारे २१६ ठोक्यांची सवड मिळते. ऐकायला ही श्रीमंती वाटते. पण तेवढ्या सवडीत आज्ञा ओळखायची, तिचा अर्थ लावायचा, ती पाळायची, पडद्यावरचा प्रत्येक ठिपका तीनतीन पट मोठा करून रंगवायचा, आवाज काढायचा आणि वर स्वतःचा संसारही चालवायचा. अशा ओढग्रस्तीत गरिबाच्या घरचे जसे होते तसेच येथेही होते. काहीतरी उणे पडते आणि ते कुठे उणे पडू द्यायचे हे घरच्या कर्त्याला ठरवावे लागते.

बीबीसी मायक्रोच का, असे वाचक विचारतील. तो डिसेंबर १९८१ मध्ये इंग्लंडात निघाला. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने तो बीबीसीच्या संगणक-साक्षरतेच्या मालिकेसाठी केला. पण माझे कारण घरगुती आहे. १९८४-८५ साली आपल्या केंद्र सरकारने शाळांतून संगणक शिकविण्याची 'क्लास' नावाची योजना काढली. आरंभी सुमारे २५० माध्यमिक शाळा निवडल्या गेल्या आणि त्यांना हीच बीबीसी यंत्रे दिली गेली. आमची शाळा त्यांत होती. ती यंत्रे आली त्या दिवशी नारळ फुटला. मग एका खोलीला रंग दिला गेला, खिडक्यांना पडदे लागले, दाराला कुलूप लागले आणि चपला बाहेर काढण्याची पाटी लागली. यंत्रांवर आईने शिवावीत तशी गुलाबी कापडी टोपडी होती. वर्गाला आठवड्यातून एकदा आत नेत. आम्ही चाळीसजण अर्धगोल करून उभे राहत असू आणि सर एकेकाला पुढे बोलावीत. माझी पाळी आली तेव्हा मी दहा हा आकडा आणि 'प्रिंट' हा शब्द टंकिला. पुढे अवतरणचिन्ह कुठे आहे ते शोधीत होतो, इतक्यात सर म्हणाले, "पुढचा." दोन वर्षांत माझी पाळी पुन्हा आली नाही. पुढे खोली परीक्षेच्या कागदांना लागली आणि टोपडी तशीच राहिली.

हे मी गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. सांगितले नसते तर पुढची टीका अप्रामाणिक झाली असती. ज्याला लहानपणी एखाद्या गोष्टीला हात लावू दिला नाही तो मोठेपणी तिच्यावर निःपक्ष लिहील अशी अपेक्षा वाचकांनी करू नये.

तेव्हा पहिला प्रयोग. एक्स-ओवर मी १९९४ पासून चालत आलेल्या एका एम्युलेटरची जुनी आवृत्ती बसविली. यंत्र उघडल्याबरोबर आधी तो खर्जातला लांब 'बूं' आणि मग वरच्या पट्टीतला छोटा 'बीप' निघायला हवा. निघाला, पण चिरका. तबकडीवर ओरखडा असावा तसा. चित्रही अडखळत होते. मी कर्त्याच्या भूमिकेत शिरलो. पडद्याची प्रत्येक चौकट न रंगविता दोनांतली एक रंगवावी असे ठरविले. त्याबरोबर यंत्राने सुटकेचा श्वास घेतला, आवाज सरळ झाला आणि काळ्या पडद्यावर ती ओळ उभी राहिली: बीबीसी कॉम्प्युटर, ३२ के. खाली एक टोकदार खूण आणि तिच्या शेजारी लुकलुकणारी रेघ. मी दहा आणि 'प्रिंट' लिहिले. अवतरणचिन्ह लगेच सापडले नाही, कारण जुन्या यंत्रात ते दोन अंकाच्या डोक्यावर असे आणि एक्स-ओच्या कळफलकावर ते तिसरीकडेच आहे; बोट एक दाबते आणि पडद्यावर दुसरे उमटते. सापडल्यावर माझे नाव घालून ओळ पुरी केली. येथे गळ्यात काही दाटून आले असे लिहिण्याचा मोह होतो. तसे झाले नाही. मला जाणवले ते इतकेच की, कळफलक फार लहान आहे आणि माझी बोटे एका वेळी दोन कळा दाबीत आहेत.

सोंगाची खरी कसोटी मात्र 'एलिट' या खेळाने घेतली. १९८४ मध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी तो बीबीसीसाठी रचला. खेळणारा एक विमान घेऊन ताऱ्याताऱ्यांतून व्यापार करीत हिंडतो. आठ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ तारे, सारे मिळून दोन हजारांवर. प्रत्येकाला नाव, राज्यव्यवस्था, बाजारभाव. आणि यंत्राची एकूण स्मृती ३२ किलोबाइट! या अंकातला एखादा लांबलचक लेख उतरवून घेतला तरी ती भरून जाईल. हे साधले कसे? त्यांनी तारे साठविलेच नाहीत. एक छोटे बीज घेतले आणि त्यावर ठरावीक गणित चालविले की तोच तारा त्याच नावानिशी पुन्हा उगवावा अशी योजना केली. मितव्ययाचा असा नमुना मी साहित्यात फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे. आमच्या कादंबरीकारांनी या खेळापासून पुष्कळ शिकावे असे मला वाटते, पण ते या लेखाचे काम नाही.

या खेळात एक लबाडी आहे. पडद्याचा वरचा भाग बारीक ठिपक्यांचा आणि एकरंगी, खालचा भाग जाड ठिपक्यांचा आणि चार रंगांचा. बीबीसीला एका वेळी दोन तऱ्हा येत नसत. रचनाकारांनी असे केले की, पडदा वरून खाली रंगविला जात असता बरोबर ठरल्या क्षणी मधेच तऱ्हा बदलायची, सेकंदाला पन्नास वेळा. जो एम्युलेटर सबंध पडदा एकदम रंगवितो त्याला हे कळत नाही आणि खालच्या भागाचा चिवडा होतो. जो ओळीमागून ओळ जातो त्याला ते बरोबर जमते, पण मग त्याला जास्त श्रम पडतात. माझा एक्स-ओ दुसऱ्या जातीचा एम्युलेटर चालवीत होता. चौकटी गाळल्या तरी तऱ्हेचा बदल अचूक येत होता. म्हणजे उणे पडू दिले ते दिसण्यात, वागण्यात नाही. बहुरूप्याचा पट्टा जुना असला तरी चालेल, सलाम बरोबर हवा. या निकषावर मी या सोंगाला उत्तम म्हणतो.

एक गोष्ट मूळ यंत्रालाही कधी साधली नसती. परवा सकाळी मी एक्स-ओ घेऊन अंगणात तुळशीपाशी बसलो. या पडद्याची खुबी अशी की ऊन वाढले की रंग विरतात आणि करडे, काळे-पांढरे चित्र उरते. प्रभातच्या जुन्या बोलपटासारखा तो खेळ दिसू लागला. ज्या यंत्राला पडदे लावलेल्या खोलीत कोंडले होते त्याचे सोंग उघड्या उन्हात चालले आहे, हे पाहून मला कोणावर तरी सूड उगवल्याचे समाधान वाटले. कोणावर, ते विचारू नये.

एक्स-ओवर दुसऱ्या तऱ्हेचेही जुने खेळ आहेत आणि तुलनेसाठी त्यांपैकी एक घेतलाच पाहिजे. १९८९ चा 'सिमसिटी' हा नगररचनेचा खेळ. जानेवारी २००८ मध्ये त्याची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली करण्यात आली आणि एक्स-ओसाठी तो 'मायक्रोपोलिस' या नावाने सिद्ध झाला. जुने नाव कंपनीने स्वतःकडे ठेवले. हे सोंग नाही. हे रूपांतर आहे. आगरकरांनी १८८३ साली हॅम्लेटचे 'विकारविलसित' केले, देवलांनी १८९० मध्ये ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला, त्या कुळातले. रूपांतराचा फायदा उघड आहे. ते नव्या घरात नव्या घरच्यासारखे धावते. एक्स-ओवर मायक्रोपोलिस धापा टाकीत नाही. पण रूपांतरकाराच्या हाती कात्री असते. मूळ खेळात नगरावर जी संकटे कोसळत त्यांत विमान पडण्याचे एक होते. २००१ च्या सप्टेंबरातील न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर ते नकोसे झाले, आणि मुलांच्या आवृत्तीतून ते काढून टाकले गेले. काढणाऱ्यांच्या हेतूला मी नावे ठेवीत नाही. मुलांसाठी करताना मीही कदाचित तेच केले असते. पण मूळ काय होते हे ज्याला पाहायचे आहे त्याला रूपांतर पुरत नाही, त्याला सोंगाकडेच यावे लागते. सोंग मुळातले दोषही इमानाने आणते. बीबीसीच्या चुका एम्युलेटरमध्ये जशाच्या तशा आहेत, आणि त्या नसत्या तर एम्युलेटर चुकला असे आपण म्हटले असते.

आता प्रतिपक्ष. तो दुबळा नाही.

पहिला आक्षेप असा की, गरिबाच्या मुलाला स्वस्त यंत्र द्यायचे आणि त्यावर पुन्हा चाळीस वर्षांपूर्वीचे जुनेपाने चालवायचे, म्हणजे थोरल्याचे उतरलेले कपडे धाकट्याच्या अंगावर घालण्यासारखे आहे. दुसरा आक्षेप एक्स-ओच्या मुळावरच आहे. भारत सरकारच्या शिक्षण खात्याने २००६ मध्येच ही योजना नाकारली. यंत्रांपेक्षा वर्ग आणि शिक्षक यांची निकड अधिक आहे अशी त्यामागची भूमिका होती. आपल्या महाराष्ट्रात, कर्जत तालुक्यातल्या खैराट-धनगरवाडा येथील एका शिक्षकी शाळेत २००७ साली ही यंत्रे प्रयोग म्हणून आली. तिकडे उरुग्वेने २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला यंत्र देऊन दाखविले. पेरूने तर लाखांच्या संख्येने ती घेतली. पण पेरूतल्या ३१९ ग्रामीण शाळा पाहून २०१२ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात असे आढळले की, यंत्रे मिळाल्याने गणितात आणि भाषेत मुले पुढे गेली नाहीत. बुद्धीच्या सर्वसाधारण चाचण्यांत तेवढा थोडा फायदा दिसला. यंत्र वाटले म्हणजे विद्या वाटली असे मानणाऱ्यांना हा चांगला धडा होता. गुलाबी टोपड्यांच्या पंथातल्या मला त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सर्वांत बोचतो. तो असा की, जुन्या यंत्रांचे हे सारे वेड पन्नाशी उलटलेल्या पुरुषांचे आहे. आपले बालपण गोंडस होते असे त्यांना सिद्ध करायचे असते आणि त्यासाठी ते मुलांच्या यंत्राचा ताबा घेतात. हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. कॅसेटवरून खेळ भरायला पाच-पाच मिनिटे लागत, त्या वेळी येणाऱ्या किंकाळीसारख्या आवाजाचेही कौतुक करणारे लोक आहेत. ती किंकाळी मला परत नको आहे. एम्युलेटरमध्ये ती एका कळीने टाळता येते आणि मी दर वेळी टाळतो. जुने म्हणून सोने असे म्हणायला मी आळंदीच्या वाटेवरचा दुकानदार नाही.

उरलेल्या निम्म्यासाठी मात्र मी भांडेन. आजचा फोन उघडला की तो आपल्याकडून काही मागत नाही. खिडकीत मांडलेला माल दाखवितो, आपण बोट लावायचे. बीबीसी उघडला की रिकामा पडदा आणि लुकलुकणारी रेघ. तो थांबतो, 'सांग' म्हणतो. एक्स-ओमागे ज्यांचा विचार उभा होता त्या सीमूर पॅपर्ट यांचे सारे म्हणणे हेच होते की, यंत्राने मुलाला चालवू नये, मुलाने यंत्राला चालवावे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली केलेल्या लोगो भाषेतले कासव एक्स-ओमध्येही आहे. त्याचा तो वंशजच म्हणा. म्हणून बीबीसीचे सोंग एक्स-ओच्या अंगावर परके दिसत नाही. रक्ताचेही एक नाते आहे. एकॉर्नमधल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी बीबीसीनंतर नवा गणक रचला. त्याचा पहिला नमुना एप्रिल १९८५ मध्ये चालू झाला आणि त्याचे नाव एआरएम. आमच्या शाळेत यंत्रांवर टोपडी चढली त्याच सुमाराची ही गोष्ट. त्या कुळातले गणक आज बहुतेक फोनांत आहेत, आणि एक्स-ओच्या १.७५ या पुढच्या आवृत्तीतही तोच बसविला गेला. नातू आजोबांचे सोंग आणतो तसा हा प्रकार. माझ्याकडचा एक्स-ओ मात्र पहिला, त्याचे घराणे वेगळे, तेव्हा हा युक्तिवाद मी फार ताणीत नाही.

उतरलेल्या कपड्यांच्या आक्षेपाला माझ्याकडे तत्त्वाचे उत्तर नाही. एक हकीकत आहे, ती सांगतो.

माझी भाची अकरा वर्षांची आहे. गणपतीच्या सुटीत ती आमच्याकडे आली आणि तिने पहिला निकाल दिला तो असा: "मामा, हा तुझ्या हाताला होत नाही, माझ्या हाताला होतो." खरोखरच रबराच्या त्या कळांवर तिची बोटे अशी पडत होती की, यंत्र कोणासाठी केले होते याबद्दल शंका राहू नये. एलिट तिला दहा मिनिटांत कंटाळवाणे वाटले. "नुसत्या रेघा आहेत," ती म्हणाली. ताऱ्यांच्या बीजाची माझी रसाळ व्याख्या तिने जांभई देऊन ऐकली. मग तिने विचारले, "यात मराठी येते का?"

येत नव्हते. त्या यंत्राला इंग्रजी अक्षरे तेवढी ठाऊक. पण बीबीसीत एक सोय आहे. आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच अशा घरात आपण स्वतःचे चिन्ह रचू शकतो. प्रत्येक ओळीतले कोणते ठिपके पेटवायचे ते एका आकड्याने सांगायचे. डावीकडून ठिपक्यांची किंमत १२८, ६४, ३२ अशी निम्मी होत जाते, शेवटचा एक. सगळे पेटले की बेरीज २५५. मी हे चौकटीच्या वहीवर समजावून दिले आणि चहा करायला गेलो. परत आलो तो तिने वहीत म काढला होता. पहिली ओळ २५५, कारण शिरोरेषा. मग ६६, ६६, १२६, १९४, १९४, २, २. ते आकडे तिने यंत्राला सांगितले आणि पडद्यावर म उभा राहिला. जरा पोट सुटलेला, पण म. मग तिने नुसता काना रचला: वर २५५ आणि खाली उभी रेघ. म, काना, म, काना अशी चार चिन्हे ओळीने छापली. घरे एकमेकांना चिकटून असल्यामुळे चारींच्या शिरोरेषा आपोआप जुळल्या आणि सबंध पडद्याच्या कोपऱ्यात एका अखंड रेषेला लोंबकळत 'मामा' असे अक्षर उमटले.

केंब्रिजच्या त्या मंडळींनी आठ ठिपक्यांची घरे एकमेकांना चिकटवून मांडली तेव्हा त्यांच्या मनात देवनागरीची शिरोरेषा असण्याचे काही कारण नव्हते. पण ती जुळली. सोंग इमानाने आणले होते म्हणून जुळली. एखाद्या रूपांतरकाराने चांगले दिसावे म्हणून दोन घरांत एका ठिपक्याची फट सोडली असती तर प्रत्येक अक्षर सुटे पडले असते.

तेव्हापासून माझ्या समीक्षेचा ताबा तिने घेतला आहे. मूळ व्यवस्थेत अशा ३२ चिन्हांचीच जागा आहे, आणि आपली वर्णमाला तीत मावत नाही, म्हणून कोणती अक्षरे ठेवायची यावर आमचे दोनदा भांडण झाले. ङ आणि ञ तिने पहिल्या झटक्यात काढून टाकले. ळ मी हट्टाने ठेवून घेतला. ती पुण्याला परत गेली तेव्हा एक्स-ओ तिच्या दप्तरातून गेला. माझ्याकडे लेख लिहिण्यापुरती टिपणे राहिली. काल रात्री तिचा फोन आला. तिला आता 'मामी' लिहायचे आहे आणि अडचण अशी आली आहे की, शिरोरेषा घराच्या अगदी वरच्या ओळीत असल्याने वेलांटीला जागाच नाही. मी सुचविले की शिरोरेषा दोन ओळी खाली घे. तिने ते उडवून लावले, कारण मग सगळी अक्षरे पुन्हा रचावी लागतील आणि म आणखीच बुटका होईल. तिने वरच्या रांगेतली दोन घरे घेतली आहेत, एक म च्या डोक्यावर आणि एक कान्याच्या, आणि वेलांटीचे दोन तुकडे करून ती तेथे बसवीत आहे. उजवीकडचा तुकडा बसला. डावीकडचे टोक शिरोरेषेला टेकत नाही, मधे एका ठिपक्याचा उजेड राहतो. शेवटच्या ओळीचा आकडा किती घातला आहेस, असे मी विचारले, तर म्हणाली, "थांब, सांगू नकोस," आणि फोन ठेवला.